धरणाची नाडीपरीक्षा

विहिरीचें पाणी किती खालीं गेलें हें पाहण्याकरितां शेतकरी दोराला दगड बांधून तो आंत सोडतो, आणि बैल आजारी असल्याची शंका येतांच त्याच्या कानाच्या बुडाशीं हात लावून ताप पाहतो. ज्या वस्तूवर आपलें पोट अवलंबून आहे तिची प्रकृति अशी अधूनमधून पाहत राहणें हा शेतकऱ्याचा स्वभावच आहे. परंतु ज्या धरणाच्या पाण्यावर त्याचा ऊंस व गहूं उभा असतो, आणि ज्याच्या पायथ्याखालीं पुष्कळदां त्याचें घर व गोठाहि असतो, त्या धरणाची प्रकृति कोण पाहतो, कशानें पाहतो आणि पाहिल्यावर पुढें काय होतें, याविषयीं आमच्यापैकीं फारच थोड्यांस माहिती असते. अलीकडे धरणांच्या पोटांत बसविण्याच्या संवेदक यंत्रांचा, ज्यांस सर्वत्र सेन्सर म्हणतात, बराच बोलबाला झाला आहे. हीं यंत्रें कोणती गोष्ट सांगूं शकतात व कोणती सांगूं शकत नाहींत, हें समजून घेणें लाभक्षेत्रांतील प्रत्येक खातेदाराच्या हिताचें आहे; म्हणून हा लेख.

भारतांत मोठीं म्हणून गणलीं जाणारीं धरणें पांच हजारांहून अधिक असून त्यांपैकीं दोन हजारांवर एकट्या महाराष्ट्रांत आहेत. यांतील बहुतेक मातीचीं. मातीच्या धरणाविषयीं पहिली गोष्ट ही ध्यानांत ठेवावी कीं, पाझर हा त्याचा दोष नव्हे, धर्म आहे. मध्यें चिकण काळ्या मातीचा दाबून बसविलेला गाभा, दोन्ही अंगांस मुरमाचें आवरण, मागील बाजूस वाळूची गाळणी व पायथ्याशीं दगडांचा थर, अशी त्याची साधारण रचना असते. जलाशयाचें पाणी गाभ्यांतून अतिशय सावकाश झिरपतें, गाळणींत उतरतें आणि पायथ्याच्या चरांतून स्वच्छ होऊन बाहेर पडतें. हें सर्व ठीक चाललें असतां धरण शंभर वर्षें उभें राहील. परंतु झिरपणाऱ्या पाण्यास कोठें एखादी सैल वाट सांपडली, मग ती मोरीच्या कडेची असो, खडक व माती यांच्या सांध्यांतील असो किंवा कुजलेल्या मुळाची असो, तर तें पाणी एकटें बाहेर येत नाहीं. मातीचे कण बरोबर घेऊन येतें. कण गेले कीं वाट रुंद होते, वाट रुंद झाली कीं पाणी जोरानें येतें, आणि जोरानें आलेलें पाणी अधिक कण नेतें. बांधाला उंदराचें बीळ पडून वाफा फुटतांना प्रत्येक शेतकऱ्यानें हा प्रकार पाहिलेला आहे. धरणांत तोच प्रकार होतो. फक्त त्यास कांहीं वेळां आठवडे लागतात, कांहीं वेळां वर्षें.

पुणेकरांस १२ जुलै १९६१ हा दिवस विसरतां येण्याजोगा नाहीं. आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण त्या वर्षीं पुरें होत आलें होतें. पण पाणी सोडण्याच्या मोरीचें काम अपुरें असतांनाच पावसाळा आला व जलाशय भरूं लागला. मोरीवरील भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून माथा सावरून धरला, तथापि सकाळीं धरण फुटलें, आणि त्याच्या लोंढ्यानें कांहीं तासांतच खालचें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणहि फोडलें. अमेरिकेंतील आयडाहो राज्यांतलें टीटन धरण ५ जून १९७६ रोजीं गेलें तेंहि असेंच मातीचें, ९३ मीटर उंचीचें व अगदीं नवें. तेथें दोन दिवस आधीं धरणाच्या खालच्या बाजूस स्वच्छ पाण्याचे लहान झरे दिसले होते. शेवटच्या दिवशीं सकाळीं गढूळ पाणी दिसूं लागलें, भगदाड बुजविण्याकरितां पाठविलेलीं बुलडोझर यंत्रें त्या भगदाडांतच गेलीं, आणि दुपारीं बारा वाजण्याच्या सुमारास माथा कोसळला. गढूळ पाणी डोळ्यांस दिसल्यापासून धरण जाईपर्यंत अवघे चार-पांच तास!

डोळ्यांना जें दिसतें तें रोगाचें शेवटचें रूप असतें. त्याच्या अगोदरचे आठवडे व महिने धरण बोलत असतें, पण इतक्या हळू आवाजांत कीं तो ऐकण्यास निराळे कान लागतात. संवेदक यंत्रें म्हणजे हे कान होत.

यांतील सर्वांत साधें साधन प्रथम सांगतों, कारण लेखकाच्या मतें तेंच सर्वांत मोलाचें आहे. धरणाच्या पायथ्याच्या चरांत एक लोखंडी पत्रा आडवा उभा करून त्याच्या माथ्यावर काटकोनी त्रिकोणाची खांच पाडतात. हीस व्ही-नॉच म्हणतात. सर्व पाझर या खांचेंतून पडतो आणि खांचेच्या टोंकापासून पाण्याची पातळी किती वर आहे, एवढें मोजलें म्हणजे पाझर किती हें कळतें. पातळी ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदास सुमारें पाऊण लिटर पाणी जातें; १० सेंटिमीटर असेल तर सुमारें ४.४ लिटर, १५ सेंटिमीटर असेल तर १२ लिटर. पातळी दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाहीं, साडेपांचपटींहून अधिक होतें, हें या कोष्टकावरून दिसेल. आणि म्हणूनच एक सेंटिमीटराचा फरकहि येथें क्षुल्लक मानतां येत नाहीं. जुन्या पद्धतींत चौकीदार फुटपट्टी पाहून वहींत आंकडा लिहितो. नव्या पद्धतींत पाण्यावर बसविलेलें एक यंत्र ध्वनीची लाट खालीं सोडून ती परत येण्यास लागलेल्या वेळावरून पातळी ठरवितें व दर तासाला आंकडा पाठवितें. तत्त्व तेंच, फक्त रात्रीं दोन वाजतांहि तें जागें असतें.

त्याच चरांत पाण्याचा गढूळपणा मोजणारें यंत्र बसवितां येतें. प्रकाशाचा किरण पाण्यांत सोडावयाचा आणि मातीच्या कणांवर आपटून किती प्रकाश बाजूस फांकतो हें पाहावयाचें, असें त्याचें काम. याचें महत्त्व एका हिशोबावरून कळेल. समजा, सेकंदास एक लिटर पाझर आहे आणि त्यांत लिटरमागें अवघी एक ग्रॅम माती आहे. ग्रॅमभर माती म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. परंतु दिवसाकाठीं ती ८६ किलो होते, आणि पंधरवड्यांत सुमारें तेराशें किलो, म्हणजे तेवढी पोकळी धरणाच्या पोटांत झाली. पुष्कळ पण स्वच्छ पाझर असलेलें धरण एक वेळ पतकरेल. थोडा पण गढूळ पाझर असलेल्या धरणाखालीं झोंप घेऊं नये.

पाझर मोजला म्हणजे धरणांतून बाहेर काय येतें तें कळलें. आंत काय चाललें आहे हें कळण्यास पिझोमीटर, म्हणजे जलदाबमापक, लागतो. त्याचें मूळ रूप अगदींच साधें आहे: भरावांत एक नळी उभी पुरावयाची, तिच्या खालच्या टोंकास सच्छिद्र दगड बसवावयाचा, आणि नळींत पाणी किती उंच चढतें तें मोजपट्टी सोडून पाहावयाचें. विहिरींत दोर सोडण्यासारखेंच हें झालें. गाभ्याच्या पुढच्या बाजूस पाणी उंच व मागच्या बाजूस बरेंच खालीं असेल तर गाभा आपलें काम करीत आहे. मागच्या बाजूची नळी एकाएकीं भरूं लागली तर गाभ्यांत कोठें तरी वाट पडली असें समजावें, किंवा गाळणी तुंबली असें समजावें. चिकण मातींत मात्र नळी भरण्यास फार वेळ लागतो, आणि ती भराव घालतांना मोडतेहि. म्हणून आतां बंद डबीचे मापक भरावांतच पुरून ठेवतात व त्यांची दोरीसारखी केबल बाहेर काढतात.

या डबींतील युक्ति सांगण्याजोगी आहे. आमच्या गांवोगांवच्या भजनांत वीणा असते, आणि तिची खुंटी पिळली कीं सूर चढतो, ढिली केली कीं उतरतो, हें कोणासहि ठाऊक आहे. डबीच्या आंत पोलादाची एक बारीक तार ताणून बसविलेली असते. तिचें एक टोंक पातळ पत्र्याच्या पडद्यास जोडलेलें असतें. पडद्याच्या बाहेरून पाण्याचा दाब वाढला कीं पडदा आंत दबतो, तार सैल होते आणि तिचा सूर उतरतो. बाहेरून विजेचा एक झटका पाठवून लोहचुंबकानें ती तार छेडावयाची व ती सेकंदास किती वेळां कंप पावते तें मोजावयाचें, एवढेंच काम. ताण चौपट तर कंपनसंख्या दुप्पट, असा तारेचा नियम असल्यानें सुरावरून ताण व ताणावरून दाब काढतां येतो. हीच तार काँक्रीटमध्यें पुरली तर काँक्रीट किती दबलें वा ताणलें गेलें तें सांगते. या रीतीचा मोठा गुण असा कीं, केबल शेंकडों मीटर लांब असली किंवा सांध्यांत थोडी ओल शिरली, तरी विजेचा जोर कमी होतो, पण सूर बदलत नाहीं. दूरच्या देवळांतील वीणा मंद ऐकूं आली म्हणून ती बेसूर होत नाहीं, तसेंच हें. यामुळें असे मापक कित्येक वर्षें भरंवशानें चालतात. त्यांचा खरा शत्रु म्हणजे आकाशांतील वीज. जवळ वीज पडली तर केबलींतून झटका जाऊन एका क्षणांत अनेक मापक मरतात, आणि भरावांत पुरलेला मापक उकरून काढतां येत नाहीं.

दगडी व काँक्रीटच्या धरणांचें दुखणें निराळें. तेथें माती वाहून जाण्याचा प्रश्न नसतो. धरण सरकतें काय, कलतें काय, त्यास फट पडते काय, हें पाहावयाचें असतें. यासाठीं जें मुख्य साधन वापरतात तें पाहून गवंड्यास हंसूं येईल, कारण तो त्याचाच ओळंबा आहे! धरणाच्या माथ्यापासून पोटांतल्या बोगद्यापर्यंत एक लांब तार वजन लावून सोडतात. जलाशय भरला कीं धरण मागें किंचित् झुकतें, उतरला कीं पुढें येतें. थंडीउन्हाळ्यानेंहि तें कांहीं मिलीमीटर हलतें. हें हलणें म्हणजे त्याचा श्वास होय. पूर्वीं अभियंता बोगद्यांत उतरून तारेचें स्थान भिंगानें पाही; आतां तारेच्या दोन बाजूंस प्रकाशाचे किरण सोडून तिची सावली यंत्रच मोजतें.

आमच्या कोयनेच्या धरणाची हकीकत या प्रकरणांत जगभर सांगितली जाते. १०३ मीटर उंचीच्या या धरणाचा जलाशय १९६२ पासून भरूं लागला, आणि तेव्हांपासून त्या भागांत बारीक धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे मोठा भूकंप झाला. कोयनानगरचीं घरें भुईसपाट झालीं व सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं. धरण उभें राहिलें. परंतु माथ्यापासून सुमारें ३६ मीटर खालीं, जेथें मागील बाजूचा उतार एकदम बदलतो, तेथें पुढच्या व मागच्या दोन्ही अंगांस आडव्या फटी पडल्या. त्या वेळीं धरणांतच एक कंपवेगमापक यंत्र बसविलेलें होतें, आणि त्यानें त्या कांहीं सेकंदांचा आलेख काढून ठेवला. धक्क्याचा जोर किती होता, कोणत्या दिशेनें होता, हें अंदाजानें न ठरवितां आंकड्यांत कळलें. फटी त्याच जागीं कां पडल्या हें गणितानें दाखवितां आलें. आणि पुढें धरणाच्या मागील बाजूस काँक्रीटचे टेकू देऊन तें बळकट करण्यांत आलें. आज कोणत्याहि देशांतील अभियंता भूकंपांत दगडी धरण कसें वागेल याचें नवें गणित मांडतो, तेव्हां कोयनेच्या त्या आलेखावर तें पडताळून पाहण्याची वहिवाट आहे. एका लहानशा यंत्रानें एवढें काम केलें. तें त्या पहांटे बंद असतें तर आपल्यापाशीं फक्त फटी उरल्या असत्या.

आतां नव्या साधनांपैकीं दोहोंचा उल्लेख करतों. पहिलें कांचेच्या तंतूचें. आंतरजालाकरितां गांवागांवांतून जी कांचतंतूची केबल पुरली जाते तिच्यासारखीच केबल धरणाच्या मागच्या अंगांत पुरतात. तिच्या एका टोंकांतून प्रकाशाचा स्फुरण सोडला म्हणजे वाटेंतील प्रत्येक ठिकाणाहून अत्यल्प प्रकाश परत फिरतो. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणून परतण्यास किती वेळ लागला त्यावरून तो कोठून परतला हें ठरतें, आणि परत आलेल्या प्रकाशाच्या रंगावरून तेथील उष्णमान कळतें. उष्णमानाचा पाझराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. तळ्याचें पाणी व भरावाची माती यांचें उष्णमान ऋतूप्रमाणें निराळें असतें. जेथून पाणी जोरानें झिरपतें तेथें केबल तेवढीच थंड किंवा ऊन होते. अशा रीतीनें किलोमीटर लांबीच्या बांधांत पाझराची जागा मीटर-दोन मीटरांच्या आंत दाखवितां येते. पिझोमीटर जेथें पुरला तेथलेंच सांगतो. हा तंतु सगळ्या लांबीचें सांगतो. जुन्या धरणांत मात्र तो पुरण्यास मागील उतारावर चर खणावा लागतो, आणि त्यांत मोठी सावधगिरी लागते.

दुसरें साधन आकाशांतलें. रडार वाहणारे उपग्रह ठराविक दिवसांनीं त्याच जागेवरून जातात आणि दोन फेऱ्यांतील लहरींची तुलना करून जमीन वा बांध किती मिलीमीटर खचला तें दाखवितात. भारत व अमेरिका यांचा मिळून केलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडण्यांत आला. तो बारा दिवसांनीं त्याच ठिकाणीं परत येतो. बारा दिवसांत फुटणाऱ्या धरणास याचा उपयोग नाहीं. वर्षावर्षानें बसत जाणाऱ्या धरणास आहे.

या सर्व यंत्रांना अलीकडे चतुर म्हणण्याची चाल पडली आहे. वास्तविक यंत्र चतुर नसतें. तें आंकडा सांगतें. चातुर्य तुलनेंत आहे. समजा, खांचेवर आज सेकंदास तीन लिटर पाझर दिसला. हें चांगलें कीं वाईट? जलाशय काठोकाठ भरला असेल व काल मोठा पाऊस पडून बांधाच्या उतारावरचें पाणीहि चरांत आलें असेल, तर कदाचित् कांहींच वाईट नाहीं. परंतु गेल्या वर्षीं याच तलांकास, कोरड्या दिवशीं, दोन लिटर असेल आणि यंदां तीन, तर अभियंत्यानें त्याच दिवशीं धरणावर आलें पाहिजे. म्हणून नवी पद्धति जलाशयाचा तलांक, पाऊस, उष्णमान, पाझर व जलदाब हे सर्व आंकडे एकत्र करते, मागील वर्षांच्या अनुभवावरून आज काय असावयास पाहिजे होतें तें काढते, आणि प्रत्यक्ष आंकडा त्याहून फार निराळा आला तर अधिकाऱ्याच्या दूरध्वनीवर इशारा देते. मागील आंकडेच नसतील, किंवा खोटे असतील, तर हें सारें व्यर्थ. लेखकानें एका धरणावर, त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, पाझराची वही चाळली असतां सलग तीन महिने एकच आंकडा लिहिलेला आढळला. आणि त्या तीन महिन्यांत जलाशय भरून पुन्हा निम्मा झाला होता. खांचेंत गवत माजलें होतें. तेथें दर तासाला आंकडा पाठविणारें यंत्र बसविलें असतें तर त्यानें दर तासाला गवताची उंची कळविली असती.

यंत्र असून तें कामीं न आल्याचें सर्वांत चटका लावणारें उदाहरण फ्रान्समधील मालपासे धरणाचें आहे. वर वर्णिलेल्या छेडावयाच्या तारेचा मापक धरणांत वापरण्याची युक्ति आंद्रे कोइन या फ्रेंच अभियंत्यानें १९३० च्या सुमारास प्रचारांत आणली. मालपासेचें कमानी धरणहि त्यानेंच आंखलेलें. १९५९ च्या उन्हाळ्यांत घेतलेल्या मोजणींत त्या धरणाची हालचाल नेहमींपेक्षां निराळी आढळली होती. पण त्या आंकड्यांचा अर्थ लावून कांहीं ठरविण्याच्या आंतच पाऊस आला, तलाव झपाट्यानें भरला, आणि २ डिसेंबर १९५९ च्या रात्रीं डाव्या बाजूचा खडक सरकून धरण गेलें. चारशेंहून अधिक माणसें मेलीं. याच्या उलट, १४ डिसेंबर १९६३ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेल्स शहरांतील बाल्डविन हिल्स येथील जलाशयावरच्या रखवालदारास नळांतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज नेहमींपेक्षां मोठा वाटला. त्यानें तत्काळ वर कळविलें; पोलिसांनीं घराघरांतून माणसें बाहेर काढलीं; सुमारें चार तासांनीं बांध फुटला तेव्हां पांच माणसें दगावलीं, पण हजारों वांचलीं. तेथें विजेचें यंत्र नव्हतें. रोजचा आवाज ओळखणारा मनुष्य होता, आणि त्याचें ऐकणारे वरिष्ठ होते.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटून खालची भेंदवाडी वाहून गेली व विसेक माणसें प्राणांस मुकलीं. धरण गळतें अशी तक्रार गांवकऱ्यांनीं अगोदरच केलेली होती. त्या वेळीं खेकड्यांवर दोष ठेवण्यांत आला आणि त्याची पुष्कळ थट्टाहि झाली. खेकडे व उंदीर बांधांत बिळें पाडतात हें खोटें नव्हे; पण बिळाची गळती होण्यास जो काळ लागतो त्या काळांत ती मोजली जात होती काय, हा खरा प्रश्न होता.

कायद्याची स्थिति आतां पूर्वींहून पुष्कळ बरी आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ याप्रमाणें १५ मीटरांहून उंच अशा सर्व धरणांवर, आणि १० ते १५ मीटर उंचीच्यांपैकीं लांबी, सांठा वगैरे बाबतींत मोठ्या असणाऱ्या धरणांवर, मोजणीचीं यंत्रें ठेवणें, त्यांचे आंकडे नोंदणें, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी करणें आणि आणीबाणीच्या वेळीं खालच्या गांवांनीं काय करावें याचा आराखडा तयार करणें मालकावर, म्हणजे बहुधा सरकारी खात्यावर, बंधनकारक आहे. म्हणून ज्या खातेदारांची पाणीवापर संस्था आहे त्यांनीं पाण्याच्या पाळ्यांचा प्रश्न काढतांना याहि गोष्टी विचाराव्या: आमच्या धरणावर किती मापक बसविले होते व आज त्यांपैकीं किती चालू आहेत? गेल्या पांच वर्षांत एकाच तलांकास पाझर किती होता? आणीबाणीच्या आराखड्यांत आमच्या वाडीचें नांव आहे काय, आणि इशारा रात्रीं कोण देणार? या प्रश्नांनीं कोणावर अविश्वास दाखविला जात नाहीं. शाखा अभियंता जागरूक असेल तर त्याला वरून पैसे मागण्यास उलट आधारच मिळेल.

परंतु गांवोगांवचे पाझर तलाव व लहान बांध या कायद्याच्या बहुधा बाहेर राहतात, आणि त्यांवर कोणी संवेदक यंत्र बसवील अशी आशा तूर्त करूं नये. तेथें गांवानेंच थोडें काम अंगावर घ्यावें. पायथ्याच्या चरांत पाझर एका जागीं येईल अशी सोय करून तेथें जाड पत्र्याची काटकोनी खांच बसवावी. पत्र्याच्या खालून वा कडेनें पाणी निसटूं नये म्हणून त्याभोंवतीं चिकण माती ठोकावी. खांचेंतून पडणारें पाणी खालच्या पाण्यास न टेकतां मोकळें पडलें पाहिजे. मोजपट्टी खांचेजवळ लावूं नये, कारण तेथें पाणी ओढलें जाऊन पातळी उतरते. पाण्याच्या जास्तींत जास्त उंचीच्या चौपट अंतर मागें ती उभी करावी, आणि तिचें शून्य खांचेच्या टोंकाशीं पाणसळीनें जुळवावें. पावसाळ्यांत रोज व एरवीं आठवड्यांतून एकदां, सकाळच्या ठराविक वेळीं, एकाच मनुष्यानें वाचन घ्यावें. वहींत चार रकाने असावे: तारीख, तलावाची पातळी, आदल्या दिवसाचा पाऊस व खांचेवरील पातळी. त्याच वेळीं पांढऱ्या कांचेच्या बाटलींत चराचें पाणी भरून ती तारखेची चिठ्ठी लावून रात्रभर निवूं द्यावी. सकाळीं तळाशीं गाळाचा थर दिसला तर मागील आठवड्याच्या बाटलीशीं ताडून पाहावा. म्हणून जुनी बाटली नवी भरेपर्यंत ओतूं नये. थर जाड होत चालला, किंवा तलाव उतरत असतांहि खांचेवरचें पाणी चढत असेल, तर वही व दोन्ही बाटल्या घेऊन त्याच दिवशीं तालुक्याच्या जलसंधारण कचेरींत जावें, आणि लेखी पोंच घेतल्यावांचून परत येऊं नये. त्या रात्रीं चराच्या काठच्या वस्तीनें उंचावर निजावें.